गाडी वर्दीवर गेली, मागं काय उरलं?

दिवाळीच्या पाडव्याला ताई दाजींना ओवाळायला ताट तयार करून बसलेली आणि दाजींचा पत्ता नाही. ते अग्निशामक दलात आहेत, बंब चालवतात, दिवाळीचे चार दिवस त्यांना घरात बघायची सवय आमच्यापैकी कुणालाच नाही. रात्री साडेअकराला आले, शर्टाला धुराचा वास, ताईनं तसंच ओवाळलं. जेवताना मी विचारलं, दाजी, एकाच वेळी दोन फोन आले तर कुठली गाडी कुठं पाठवायची हे कसं ठरतं ओ? ते म्हणाले, "जवळची जाते, त्यात काय ठरवायचंय. खरा हिशोब नंतर असतो. गाडी वर्दीवर गेली की पहिलं डोक्यात येतं, मागं काय उरलं."

(वर्दी म्हणजे आगीची खबर, फायर ब्रिगेडमधला रोजचा शब्द आहे हा. युनिफॉर्म नाही.)

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी सोलापुरातून घरी बसून काम करते, मोठ्या गोदामांचं सिम्युलेशन करायचं काम, म्हणजे फोर्कलिफ्ट किती लागतील, माल कुठं ठेवला तर फेऱ्या वाचतील, एक फोर्कलिफ्ट बंद पडली तर किती तुंबेल, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं आणि मग गोदामात बदल करायचे. दाजी जे बोलले तो अगदी तोच प्रश्न होता, फक्त इथं तुंबणार होता तो माल नव्हता. आणि त्याच वर्षी, १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली होती, आठ जीव गेले, त्यात लहान मूल पण होतं. आमच्या सोलापुरात यंत्रमाग म्हणजे घरोघरचा विषय, कितीतरी ठिकाणी वर राहणं आणि खाली माग, भिंतीला टेकून सुताचे गठ्ठे. त्या आगीनंतर दाजी कित्येक दिवस नीट जेवत नव्हते असं ताई सांगायची. म्हणून मी ठरवलं की हे करून बघायचंच, ऑफिसचं काम संपल्यावर रात्री, कुणी सांगितलेलं नसताना. पुढचे चार महिने त्यातच गेले, ते कसे गेले ते लिहिते, कारण दुसऱ्या गावात कुणाला असं करायचं असेल तर त्याचा वेळ वाचावा.

सुरुवात सोपी वाटते. ओपनस्ट्रीटमॅपवरून सोलापूरचे रस्ते फुकट उतरवून घेता येतात, पायथनमध्ये सिमपाय नावाची लायब्ररी आहे, तिच्यात घटना एकामागून एक घडवायच्या. वर्दी आली, गाडी निवडली, गाडी निघाली, पोचली, काम झालं, गाडी मोकळी. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागेल ते नशिबावर सोडायचं पण काहीही नाही, ठरलेल्या फरकात. आणि मग एक दिवस नाही, हजारो दिवस चालवायचे, कॉम्प्युटर ते काही मिनिटांत चालवतो. मी दोन रात्रींत पहिलं मॉडेल उभं केलं आणि रविवारी दाजींना दाखवलं. नकाशावर छोटे लाल ठिपके पळत होते, छान दिसत होतं. दाजींनी पाच मिनिटं नीट बघितलं आणि विचारलं, "ही गाडी आग विझवून लगेच दुसरीकडं कशी काय गेली? पाणी कुणी भरलं?"

मी पाणीच धरलं नव्हतं. गोदामात फोर्कलिफ्टनं माल ठेवला की ती मोकळी, तीच सवय मी इकडं आणलेली. बंबाचं तसं नसतं. गाडीत समजा साडेचार हजार लिटर पाणी आहे आणि मिनिटाला साडेचारशे लिटर सोडताय, तर दहा मिनिटांत टाकी खाली. मग भरायला जायचं, आणि सोलापुरात जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं भरायची जागा कुठली, ती किती लांब, तिथं त्या वेळी प्रेशर आहे का, या गोष्टी गाडीच्या स्पीडपेक्षा मोठ्या ठरतात. शिवाय आग विझली तरी कूलिंग चालू असतं, सुताच्या गठ्ठ्यात तर आतून धुमसत राहतं, गठ्ठा फोडून उलटा करून मारावं लागतं. मग होज (पाण्याचा पाइप) गुंडाळा, ब्रँच (पाइपाच्या तोंडाच्या नळ्या) मोजा, सामान चढवा. हे सगळं धरल्यावर एका वर्दीला गाडी अडकण्याचा माझा वेळ जवळजवळ दुप्पट झाला आणि अख्ख्या मॉडेलचं उत्तरच बदललं.

इथं थोडं गणित सांगते, कारण दाजींचं 'मागं काय उरलं' खरंतर याच गणितात आहे. आकडे सोलापूरचे नाहीत, फक्त समजायला घेतलेत. समजा दिवसाला १२ वर्द्या येतात, म्हणजे सरासरी दोन तासाला एक, आणि एक वर्दी गाडीला दीड तास अडकवते. आपल्याला वाटतं की दोन तासाला एक येते आणि दीड तासात गाडी मोकळी होते, म्हणजे एक गाडी पण पुरेल. पण वर्द्या घड्याळ बघून येत नाहीत. एक वर्दी आल्यापासून दीड तासाच्या आत दुसरी येण्याची शक्यता काढली तर ती ५३ टक्के येते, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा पहिली गाडी बाहेर असतानाच दुसरा फोन वाजणार. अशा हिशोबात दोन गाड्या ठेवल्या तर शंभरातल्या १४ वर्द्यांना एकही गाडी मोकळी नसते, तीन ठेवल्या तर ३ वर्द्यांना. हे सूत्र एरलांग नावाच्या डॅनिश माणसानं १९१७ मध्ये छापलं, कोपनहेगनच्या टेलिफोन लाइनसाठी, किती लाइन ठेवल्या तर किती लोकांना एंगेज लागेल त्यासाठी. मी माझं सिम्युलेशन आधी याच सूत्राशी ताडून बघितलं, रस्ते वगैरे सगळं काढून टाकून नुसत्या गाड्या आणि वर्द्या ठेवून. जेव्हा माझ्याकडून पण १४ आणि ३ च्या आसपास यायला लागलं तेव्हाच पुढं गेले. ही पायरी सोडून कुणी पुढं जाऊ नका, कारण नकाशावर ठिपके पळायला लागले की माणसाला आपलं सगळं बरोबर आहे असं वाटायला लागतं.

मग रस्ते. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ता आहे म्हणजे त्यातून बंब जातोच असं नाही. मी आधी दाजींच्या मागं अॅक्टिव्हावर बसून वेगवेगळ्या वेळेला मोजायला निघाले, अशोक चौक ते कन्ना चौक, तिथून जोडबसवण्णा चौक, मग नवी पेठ, मधला मारुतीची गर्दी, सात रस्ता, विजापूर रोड, तिकडं जुळे सोलापूर. मोबाइलवर वेळ लावायचा आणि वहीत लिहायचं. तिसऱ्या फेरीला दाजीच म्हणाले, "स्कूटरनं मोजून काय उपयोग गं. बंबाला वळायला जागा लागते." भरलेल्या गाडीत नुसतं पाणीच साडेचार टन, वर गाडीचं वजन, ती चौकात स्कूटरसारखी तिरकी घालता येत नाही, ब्रेक पण आधीपासून दाबायला लागतो. मग आम्ही पद्धत बदलली. मोठा नकाशा छापून आणला, चार कागद चिकटवले, आणि दाजींना तीन रंगाची पेनं दिली. जिथं बंब जातच नाही ते बोळ लाल, जिथं जातो पण परत रिव्हर्समध्ये काढावा लागतो ते नारंगी, बाकी तसेच सोडले. साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ इकडचे कितीतरी बोळ लाल झाले. नकाशावर जिथं दोन रस्त्यांतून घरापर्यंत जाता येतं असं दिसत होतं तिथं एकच उरला, कुठं एकही नाही, म्हणजे गाडी तोंडाशी उभी करून होज आत ओढायचा. होज ओढायला वेळ लागतो तो पण मग मॉडेलमध्ये घातला, लाल बोळाच्या लांबीप्रमाणे.

रेल्वेलाइनचं पण तसंच. ती शहराचे दोन तुकडे करते आणि पलीकडं जायचं तर ठरावीक जागीच पूल किंवा बोगदा, त्यामुळं सरळ रेषेत एक किलोमीटरवर असलेलं घर गाडीसाठी तीन किलोमीटर असू शकतं. जवळची गाडी म्हणजे नकाशावर बोटभर अंतर असलेली गाडी नाही, हे मला या दोन आठवड्यांत कळलं.

आणि एक मोठा वेळ जातो तो चाक फिरायच्या आधी. फायर ब्रिगेडसाठी अमेरिकेतलं एनएफपीए १७१० हे मानक आहे ते स्टेशनमधून बाहेर पडायला ८० सेकंद धरतं आणि पहिल्या गाडीच्या प्रवासाला २४० सेकंद. पण त्याच्याही आधी फोनवरचा माणूस पत्ता सांगतो, तो वेळ वेगळाच. आमच्याकडं पूर्व भागात घाबरलेला माणूस तेलुगूत बोलायला लागतो, दुसरीकडं कुणी कन्नडमध्ये, आणि पत्ता काय तर गणपतीच्या देवळामागं, तिथं गणपतीची देवळं पाच. दाजी सांगतात की एक्कडा, येल्ली, कुठं, हा एक प्रश्न तीन भाषांत विचारता आला पाहिजे आणि उत्तर तीन भाषांत कळलं पाहिजे, आणि लँडमार्क मागताना जवळचा माग कुणाचा, रेशन दुकान कुठलं, असं विचारलं की माणूस पटकन सांगतो. मी मॉडेलमध्ये पत्ता कळायचा वेळ एक मिनिटानं कमी करून बघितला. तेवढ्या एका बदलानं जो फरक पडला तो एक जास्तीची गाडी घालून पडलेल्या फरकाच्या तोडीचा होता. माझ्या मॉडेलमध्ये, माझ्या गृहीतकांवर, हे खरं आहे. पण त्यानंतर मी आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि १०१, १०८, ११२ हे नंबर मोठ्या अक्षरात लावले, आणि आईला, शेजारच्या काकूंना फोनवर पत्ता कसा सांगायचा ते पाठ करून घेतलं.

वाचन पण केलं या काळात, कारण हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नाही. १९६८ पासून न्यूयॉर्क शहरानं रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या लोकांना फायर ब्रिगेडच्या कामाचा अभ्यास करायला घेतलं होतं, तेव्हा तिथं वर्द्यांची संख्या भराभर वाढत होती. कार्टर आणि इग्नाल यांनी १९७० मध्ये अख्ख्या फायर ब्रिगेडचं सिम्युलेशन मॉडेल मांडलं, त्या काळच्या कॉम्प्युटरवर. कोलेसार आणि ब्लम यांचा वर्गमुळाचा नियम तिथलाच, की गाडीला सरासरी जे अंतर कापावं लागतं ते क्षेत्रफळ भागिले मोकळ्या गाड्या, याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. हे मी सोलापूरला लावून बघितलं. महापालिकेचं क्षेत्रफळ १७८.५७ चौरस किलोमीटर. समजा चार मोकळ्या गाड्या गावभर विखुरलेल्या आहेत, तर सरळ रेषेतलं सरासरी अंतर त्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे साधारण ३.३ किलोमीटर येतं. तीन उरल्या तर ३.९, दोन उरल्या तर ४.७, आणि एकच उरली तर ६.७. बघा, चारातली पहिली गाडी गेली तर अर्ध्या किलोमीटरचा फरक, आणि शेवटच्या दोनातली एक गेली तर दोन किलोमीटरचा. दाजींना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या चार आकड्यांकडं बघत होते आणि म्हणाले, हेच सांगतो मी नवीन पोरांना, फक्त मला असं लिहिता येत नव्हतं.

त्याच रँडच्या लोकांनी, कार्टर, चायकेन आणि इग्नाल यांनी, १९७२ मध्ये अजून एक गोष्ट दाखवली, जी मला सगळ्यात जास्त पटली आणि दाजींना सगळ्यात जास्त खटकली. ती अशी की दरवेळी जवळची गाडी पाठवणं हे सगळ्या वर्द्यांचा मिळून विचार केला तर सर्वात चांगलं असतंच असं नाही. समजा एक गाडी पूर्व भागाच्या तोंडाशी उभी आहे, जिथं वर्द्या जास्त, आणि दुसरी शांत भागात. दोघींच्या मधोमध, पण पहिलीला किंचित जवळ, वर्दी आली. पहिली पाठवली तर अर्धा मिनिट वाचेल, पण ती गेल्यावर पूर्व भागात जी पुढची वर्दी येईल तिला दुसऱ्या गाडीची चार मिनिटं वाट बघायला लागेल. दुसरीच पाठवली तर आत्ताचा अर्धा मिनिट गेला, पुढची चार मिनिटं वाचली. मी हे मॉडेलमध्ये चालवलं आणि खरंच सरासरी सुधारली, मी खूश होऊन दाजींना फोन केला.

दाजी फोनवर गप्प. मग म्हणाले, "आणि आत माणूस असेल तर? त्या अर्ध्या मिनिटाला?"

यावर आमचं चांगलं आठवडाभर चाललं. माझं म्हणणं की पुढच्या वर्दीत पण माणूसच असणार आहे, तो अजून फोनवर आलेला नाही एवढंच. त्यांचं म्हणणं की जो फोनवर ओरडतोय त्याला सोडून न आलेल्या फोनची काळजी करणारा माणूस त्या खुर्चीवर बसू शकत नाही, आणि बसू पण नये. दोघंही बरोबर आहोत असं मला अजून वाटतं. शेवटी निघालं ते असं की सगळ्या वर्द्या एकच नसतात. माळावरचं गवत, कचऱ्याचा ढीग, विहिरीत पडलेली गाय, पडलेलं झाड, यांना पण बंबच जातो. अशा वर्दीला लांबची गाडी पाठवली, अर्धा काय दोन मिनिटं उशिरा गेली, तरी चालतं, आणि जवळची दाट वस्तीसाठी हातात राहते. घर, कारखाना, आत माणूस अडकलाय, अशी वर्दी आली की कसलाही हिशोब न करता जवळची, आणि तिच्या मागोमाग दुसरी. हा साधा नियम मी घातला, आणि त्यानं माझ्या आधीच्या नियमाचा बहुतेक फायदा परत मिळवून दिला, कुणाचाही अर्धा मिनिट न चोरता. फोन घेणाऱ्यानं विचारायचा प्रश्न फक्त एक वाढला: आत कुणी आहे का?

न्यूयॉर्कची पुढची गोष्ट पण सांगायला पाहिजे, कारण ती वाचून मला झोप लागली नव्हती. १९७० च्या दशकात शहराकडं पैसे उरले नाहीत, तेव्हा कुठल्या फायर कंपन्या (म्हणजे गाडी आणि तिच्यावरचे जवान) बंद करायच्या हे ठरवायला याच अभ्यासांचा आधार घेतला गेला. बंद झालेल्यांपैकी बऱ्याच गरीब, दाट वस्तीत होत्या. साउथ ब्रॉन्क्स हा न्यूयॉर्कचा गरीब भाग त्याच वर्षांत आगींनी उजाड झाला. एकट्या मॉडेलचा तो दोष नव्हता, घरमालक, बेकारी, राजकारण बरंच काही होतं. पण मॉडेल मोजत होतं ते गाडी पोचायची वेळ. पोचल्यावर किती मजले पेटलेले असतील, एका बिल्डिंगमध्ये किती कुटुंबं कोंबलेली असतील, दिवसातल्या दहाव्या वर्दीवर गेलेले जवान किती दमलेले असतील, ते त्यात येत नव्हतं. त्या रात्री मी माझ्या फाइलवर पहिल्या ओळीत लिहून ठेवलं की हे मॉडेल कुठली गाडी किंवा केंद्र कमी करायला वापरायचं नाही, वाढवायला आणि सरकवायला वापरायचं. कुणी ऐको न ऐको, ते माझ्याकडून लिहिलेलं असलं पाहिजे.

सरकवणं हे खरं या सगळ्यातलं मला सापडलेलं काम. मोठी आग लागली की चार गाड्या एका ठिकाणी जातात, जायलाच पाहिजेत. मग उरलेली एक-दोन जिथं उभी होती तिथंच उभी राहते आणि गावाचा एक अख्खा कोपरा उघडा पडतो. कोलेसार आणि वॉकर यांनी १९७४ मध्ये यासाठीच पद्धत दिली होती, मोठ्या आगीच्या वेळी मोकळ्या कंपन्या रिकाम्या पडलेल्या स्टेशनांत तात्पुरत्या नेऊन ठेवायची. मी अक्कलकोट रोडला मोठी आग आहे, सहा तास चालणार आहे, असं धरून हजार वेळा चालवलं, एकदा उरलेली गाडी जागच्या जागी ठेवून आणि एकदा ती गावाच्या मध्यावर आणून. सरासरीत फारसं काही दिसलं नाही, मी जवळजवळ सोडून देणार होते. मग सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात उशीर झालेल्या दहा टक्के वर्द्या काढून बघितल्या, आणि फरक सगळा तिथंच होता, कोपऱ्यातल्या वर्द्यांमध्ये. सरासरी बघून गाव ठीक आहे असं म्हणता येतं, पण उशीर हा सरासरी माणसाला होत नाही, शेळगीच्या टोकाला किंवा विडी घरकुलात राहणाऱ्या कुणाला तरी होतो.

आणि दोन्ही वेळेला वर्द्यांचा क्रम तोच ठेवायचा, तीच वेळ, तीच जागा, फक्त नियम बदलायचा, नाहीतर फरक नियमामुळं पडला की नशिबामुळं ते कळत नाही. मी पहिल्या वेळी ही चूक केली आणि तीन रात्री वाया गेल्या.

दाजींचे दोन सहकारी एका सुट्टीच्या दिवशी ताईकडं आले, एक तांडेल (जवानांच्या तुकडीचा म्होरक्या) म्हणून बरीच वर्षं काढलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात, आणि एक नवीन भरती झालेला मुलगा. लॅपटॉप उघडला तर मामा लांबूनच बघत राहिले. मग ताईनं सुचवलं ते छान निघालं, तोच मोठा नकाशा जमिनीवर अंथरला आणि चिंचोके आणले, चिंचोका म्हणजे गाडी. मी लॅपटॉपवरून वर्दी वाचायची, वेळ आणि जागा, मामांनी चिंचोका हलवायचा आणि मोठ्यानं बोलून दाखवायचं की हाच का. पहिल्या अर्ध्या तासात मामांनी असं काही केलं जे माझ्या एकाही नियमात नव्हतं. माग असलेल्या घराची वर्दी आली तशी त्यांनी गाडी पाठवली आणि तिच्याबरोबरच पाण्याचा बाउझर म्हणजे मोठा टँकर, बोलावणं यायच्या आधीच, सूत आहे म्हणजे पाणी संपणारच म्हणून. दुसरं म्हणजे काम संपवून परत येणारी गाडी त्यांनी केंद्रात आणलीच नाही, पाणी भरून वाटेतच चौकात थांबवली कारण तिकडचा चिंचोका बाहेर होता. मी त्यांना विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाले, "शिकवायला कशाला पायजे, गाव डोळ्यासमोर असतंय की." ते दोन्ही नियम मी त्याच रात्री घातले आणि दोन्हींनी त्या दहा टक्क्यांत फरक पाडला. नवीन मुलगा नंतर म्हणाला की मामांच्या डोक्यात काय चालतं ते आज पहिल्यांदा ऐकायला मिळालं, खऱ्या वर्दीच्या वेळी विचारायला वेळ कुठं असतो. मला वाटतं सिम्युलेशनचा हा उपयोग मी आधी धरलाच नव्हता, आणि कदाचित हाच सगळ्यात मोठा आहे.

त्या दिवशी शेवटी मामांनीच सांगितलं, संक्रांत घाल. सोलापूरकरांना सांगायला नको, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सात नंदीध्वज बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, आणि रस्ते माणसांनी भरून जातात. मी मिरवणुकीचा रस्ता नकाशातून काढून टाकला आणि चालवलं, तर गावाचे दोन वेगळे तुकडे झाले, एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी एवढा मोठा वळसा की न गेल्यासारखीच. मॉडेलनं सांगितलं दोन्ही बाजूंना आधीच गाडी पाहिजे. मामा म्हणाले, हे तर आमच्या आधीच्या लोकांना पण ठाऊक होतं. मला त्याचा आनंदच झाला, कारण जे त्यांना पक्कं माहीत आहे ते मॉडेल न सांगता म्हणत असेल तर जे अजून कुणी करून बघितलेलं नाही त्यावर पण थोडा विश्वास ठेवता येईल. अॅम्ब्युलन्स पण घातली त्यात, गर्दीत कुणाला चक्कर आली, छातीत दुखलं, तर १०८ आणि बंब एकाच बोळाच्या तोंडाशी एकमेकांना अडवून उभे राहतात की काय ते बघायला. काही बोळांत राहतात. तिथं आधी कुणी आत जायचं ते मी अजून मामांशी बसून ठरवायचंय.

आता मोजायचं राहिलंय ते अक्कलकोट रोड, संध्याकाळी कारखाने सुटायच्या वेळेला, आणि मे महिन्यातली दुपार, जेव्हा पाणी भरायच्या जागा कमी होतात. चिंचोक्यांचा डाव दर पंधरा दिवसांनी बसतो, आता सहा-सात जण येतात, ताई पोहे करते. रंगवलेल्या नकाशाची एक प्रत मामा घेऊन गेले होते, ती चार ठिकाणी घडीवर फाटली म्हणून मी परवा नवीन छापून दिली.

काल रात्री सव्वादहाला दाजींचा ड्युटीवरून फोन. मला वाटलं काही झालं. म्हणाले, "झोपलीस का? भवानी पेठेतला तो देवळाशेजारचा बोळ आहे ना, नारंगी केलेला. तिथं एकानं बाहेरून लोखंडी जिना काढलाय, गाडी अडकली आत्ता. लाल कर तो."

लॅपटॉप उघडला आणि केला.